उजव्या खांद्यावरचा चीक

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. नाव नाही सांगत. त्या माणसांची नातवंडं अजून तिथे नांदतात, उगाच कुणाला वाईट वाटायचं. तर त्या गावाला एक खोड होती. काही विचारायचं झालं की तिथली माणसं शेजाऱ्याला विचारत नसत, भावाला विचारत नसत, थेट देवीला जाऊन विचारत.

देवी पावणाई. काळ्या पाषाणाची, हातभर उंचीची मूर्ती. तिला विचारायची रीत अशी. गुरवाने मूर्तीला स्नान घालायचं. दोन खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे ज्याचं जे मागणं असेल ते मोठ्याने देवीच्या कानावर घालायचं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. पाकळ्या सुकत आल्या की आपोआप सुटतात. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी आधी पडली तर नको म्हणाली. यालाच म्हणायचं कौल. बैल विकायचा का, लेक त्या घरी द्यायची का, मुंबईला जायचं का, सगळं त्या दोन पाकळ्यांवर चाले.

कौल लावणारा गुरव होता धाकू. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्या बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. "पाकळी लावायची आणि हात मागे घ्यायचा. मधे आपण नाही." धाकूने तीस वर्षं हात मागे घेतला. सख्ख्या मेव्हण्याच्या विरुद्ध कौल गेला, तरी त्याने बोट हलवलं नव्हतं. गावात म्हण पडली होती, धाकूचा कौल म्हणजे देवीचा बोल.

आता अशा माणसाच्या हातून काय चूक होणार, असं तुम्हांला वाटेल. त्यालाही तसंच वाटत होतं. तिथेच तर घोडं पेंड खातं.

धाकूची देवळाच्या खालच्या अंगाला पोफळीची बाग होती. बापाने लावलेली, त्याने वाढवलेली. बागेला पाणी एका झऱ्याचं. करंगळीएवढी धार, पण बारा महिने चालणारी. आणि झऱ्याच्या वरच्या उतारावर होती सुरंगाची जमीन.

सुरंगा तरुण बाई. नवऱ्याने पावसाच्या तोंडावर उतारावर आंब्याची चाळीस कलमं लावली, आणि श्रावणात तापाचं निमित्त होऊन तो गेला. मूल नाही, बाळ नाही. मागे राहिली ती आणि गुडघाभर उंचीची चाळीस कलमं. कलमांना पहिला उन्हाळा पाणी मिळालं नाही तर ती मरतात, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

माघ संपता संपता ती देवळाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"काका, उद्या कौल लावाल? जांभळीखाली विहीर खणीन म्हणते. आई पावणाईला विचारायचंय."

"लावू की गो बाय," धाकू म्हणाला, आणि मग त्याची नजर उतारावरच्या जांभळीकडे गेली. जांभूळ बरोबर त्याच्या झऱ्याच्या डोक्यावर होती. तिथे विहीर झाली की झरा आटणार. झरा आटला की बाग गेली.

आता खरं तर त्याने तिथल्या तिथे म्हणायचं, "बाय, तिथे नको खणू, माझा झरा जाईल." एवढंच वाक्य. लहान मूलसुद्धा म्हणेल. पण ते त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. विधवा बाई, मेलेल्या नवऱ्याची कलमं, आणि आपण तिचं पाणी अडवायचं? लोक काय म्हणतील? गुरव एवढा देवमाणूस, आणि निघाला आपमतलबी! सुरंगा निघून गेली तरी तो खांबाला टेकून तसाच उभा होता. त्याला तिच्यापाशी वाईट दिसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या वाटेवर तो फणसाखाली थांबला. हाताला येतील अशा कुवऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागल्या होत्या. त्याने कोयतीचं टोक एका देठाला टेकवलं. पांढरा चीक टपटपला. तो त्याने अंगठ्यावर घेतला, मूठ मिटली, आणि देवळात आला.

मूर्तीला स्नान घातलं. डावी पाकळी पाण्याने लावली. उजवी पाकळी लावताना अंगठा क्षणभर जास्त दाबला. बापाचे शब्द कानात वाजले. त्याने ते ऐकले आणि हात मागे घेतला.

फणसाचा चीक तो. एकदा धरला की सोडतो कशाला? थोड्या वेळाने डावी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"नको म्हणाली," धाकू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

सुरंगाने खाली पडलेली पाकळी उचलली, डोळ्यांना लावली. "आईच्या मनात काही असेल," ती म्हणाली. आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाली, "काका, तुम्ही लावलात म्हणून मन निवांत आहे. दुसऱ्या कुणी लावला असता तर मनात शंका राहिली असती."

झालं! त्या दिवशी धाकूला जेवण गेलं नाही. बायको आनंदी पान वाढताना म्हणाली, "अहो, अंगठा काळा कशाने झाला? फणस कापलात की काय? घरात तर आणला नाहीत." त्याने हात पानाखाली लपवला. पन्नास वर्षांचा माणूस, बायकोपासून अंगठा लपवत होता.

दुसऱ्या दिवसापासून सुरंगा नदीच्या डोहाचं पाणी वाहू लागली. डोह खाली, कलमं वर, मधे देऊळ. डोक्यावर कळशी, कमरेवर घागर. दिवस उगवायच्या आधी पहिली खेप, तिन्हीसांजेला शेवटची. तरी रोज निम्म्याच कलमांना पाणी पुरे. आज ही वीस, उद्या ती वीस.

आणि पहिली कळशी ती देवळात द्यायची.

"आईच्या स्नानाला," ती म्हणायची. "तिने नको म्हटलं म्हणून मी रुसले, असं तिला वाटायला नको."

धाकू ती कळशी घ्यायचा. तिच्या कपाळावरचा घाम बघायचा नाही. तेच पाणी मूर्तीच्या डोक्यावर ओतायचा, आणि ते उजव्या खांद्यावरून वाहायचं. पाकळी कधीच वाळून गेली होती. पण तिच्याखालचा चीक तसाच होता, धूळ बसून काळा पडलेला. पाणी त्याच्यावरून निघून जायचं आणि तो तिथेच राहायचा.

आता गंमत ऐका. म्हणजे ऐकणाऱ्याला गंमत, धाकूला कसली?

पुढच्या सोमवारी एकजण लेकीचं स्थळ विचारायला आला. धाकूने पाकळ्या लावल्या, अगदी नुसत्या पाण्याने, देवाशपथ! पण उजव्या खांद्यावर चीक होता. उजवी पाकळी चिकटून बसली आणि डावी पडली. नको. दुसऱ्याला म्हैस घ्यायची होती. नको. तिसऱ्याला घर शाकारायचं होतं. तेही नको! पंधरा दिवस देवी सगळ्यांना नको नको म्हणत राहिली. मोडलेलं स्थळ चांगलं होतं, हे धाकूला ठाऊक होतं. मुलीची आई देवळाच्या पायरीवर बसून रडली, आणि तो आत घंटा पुसत राहिला.

शेवटी एका दुपारी देवळात चिटपाखरू नसताना त्याने खोबरेल आणलं. चीक तेलाने निघतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने मूर्तीचा खांदा घासला, घासला. चीक बराचसा गेला. पण पाषाणच तो, खडबडीत. तेल त्याच्या अंगात मुरलं. त्या दिवसापासून उजवी पाकळी ठरेचना. लावली की घसरली. सगळ्यांना हो!

त्याच सुमारास झिलू आणि तुकू हे दोघे भाऊ एकामागोमाग कौलाला आले. झिलूने विचारलं, "सामाईक बैल विकू?" देवी हो म्हणाली. झिलू गेल्यावर तुकूने विचारलं, "सामाईक बैल ठेवू?" देवी हो म्हणाली. दोघेही घरी जाऊन बैलाच्या एकेका शिंगाला धरून उभे राहिले. भावाभावांत जुंपली. बैल मधे रवंथ करत होता म्हणतात.

गाव हसलं, आणि मग गाव घाबरलं. देवीच्या मनात आहे तरी काय?

इकडे चैत्र तापला. सुरंगाची कलमं वाळू लागली. आधी तीन, मग सात, मग बारा. मेलेलं कलम ती उपटत नसे. देवळाच्या ओट्यावरून तो उतार स्वच्छ दिसायचा. धाकू पूजेला बसताना तिकडे पाठ करून बसायला लागला.

एका दुपारी त्याला राहवलं नाही. ती डोहावर गेली आहे असं बघून त्याने आपल्या झऱ्याच्या दोन घागरी भरल्या, वर नेल्या, पाच-सहा कलमांना घातल्या आणि चोरासारखा खाली पळत आला. जरा बरं वाटलं. संध्याकाळी सुरंगा देवळात आली ती पळतच.

"काका, आईने पाणी घातलं हो! मी डोहावर होते, आणि कलमांची आळी ओली! तिनेच घातलं. मी म्हणत नव्हते, तिच्या मनात काही असेल?"

तिने तिथे जमिनीला डोकं टेकलं. धाकू चांगलं करायला गेला तर तेही खोट्याच्याच पोटात गेलं. एका खोट्याची राखण करायची तर दुसरं पाळावं लागतं. त्याला वाटलं, हिने माझ्या थोबाडीत मारली असती तर सुखाने झोपलो असतो.

तरी तो बोलला नाही. रोज म्हणायचा, उद्या सांगतो. पहिल्या दिवशी सांगायची लाज वाटली होती ती मुठीएवढी. आता ती दारात मावेना एवढी झाली होती.

वैशाखात गावाने देवळात बैठक घेतली. बारा वाड्यांची माणसं जमली. गावचे मानकरी अंतूभाऊ, पिकल्या मिशांचे, काठी आपटत म्हणाले, "आई रुसलीय. कौल फिरलाय. कधीपासून फिरला, ते आठवा."

कुणीतरी म्हणालं, "सुरंगाने विहिरीचा लावला तेव्हापासून."

"तेव्हापासूनच!" चारजण म्हणाले. "तो डावा गेला, आणि तिथून पुढे सगळं बिनसलं."

सगळ्या माना सुरंगाकडे वळल्या. ती खांबाआड बायकांत बसली होती. तिची कळशी शेजारी होती. ती उठून उभी राहिली. धाकूला वाटलं, आता ही भांडेल, म्हणेल माझा काय संबंध. तो मनातून म्हणत होता, भांड गो, भांड.

पण तिने हात जोडले. "खरं असेल अंतूभाऊ," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल. तोंडाने मी म्हटलं, आईची मर्जी. पण पाणी वाहताना मान अवघडली की मनात तिला बोलले. दोनदा बोलले. म्हटलं, तुला काय गो, तुला बसल्या जागी पाणी मिळतं. तिने ऐकलं असणार."

आणि तिने मान खाली घातली. लाजेने तिचा चेहरा काळवंडला होता.

धाकू ते बघत होता. ती त्याची लाज होती. तीन महिने त्याने अंगठ्याखाली लपवलेली, आणि आज ती उचलून हिने आपल्या तोंडाला लावून घेतली होती.

"मग उद्यापासून तुझी कळशी देवळात नको," अंतूभाऊ म्हणाले. "आणि गुरवा, हिच्या नावाने गाऱ्हाणं घाल. आई पोटात घेईल."

गाऱ्हाण्याचीही एक रीत असते. गुरव एकेक वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळा गाव एका सुरात म्हणतो, व्हय महाराजा! होय, देवा, आमचंही तेच म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. वाक्य काय आहे इकडे कुणाचं फारसं लक्षही नसतं.

धाकू मूर्तीपुढे उभा राहिला. हात जोडले.

"आई पावणाई, तुझी लेकरं आज तुझ्या दारात जमलीत."

"व्हय महाराजा!"

"कुणाच्या हातून काही चूक घडली असेल."

"व्हय महाराजा!"

"ह्या लेकीच्या हातून..." धाकू म्हणाला, आणि अडला. मागे माणसं वाट बघत होती. त्याने डोळे मिटले.

"ह्या लेकीच्या हातून काही घडलं नाही. कौलाच्या दिवशी उजव्या पाकळीला फणसाचा चीक लावला, तो ह्या धाकू गुरवाने!"

"व्हय महाराजा!" गाव एका सुरात म्हणाला.

आणि मग गावाला कळलं आपण काय म्हणालो ते.

धाकू वळला. आता बांध फुटला होता, सगळंच बाहेर आलं. चीक, तेल, मोडलेलं स्थळ, झिलू-तुकूचा बैल, दुपारच्या दोन घागरी. "आई रुसली नाही," तो म्हणाला. "मीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता."

मग जो गलका झाला तो काय सांगावा! स्थळ मोडलेल्या मुलीच्या आईने धाकूला नाही नाही ते बोलून घेतलं. अंतूभाऊंची काठी वर गेली. झिलू आणि तुकू पहिल्यांदाच एकमताने ओरडत होते. धाकू मान खाली घालून उभा होता. मारलं असतं तर त्याने मार खाल्ला असता.

"थांबा जरा," सुरंगा म्हणाली. ती पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच धाकूला जड गेलं.

"काका, मग त्या दिवशी आईने काय सांगितलं होतं?"

"माहीत नाही बाय. मी तिला बोलूच दिलं नाही."

"पण का?"

"जांभळीखाली विहीर झाली असती तर माझा झरा आटला असता. बाग गेली असती."

सुरंगाला काही समजेना.

"म्हणजे जांभळीखाली नको, एवढंच?"

"एवढंच."

"मग मला सांगायचं होतंत ना, काका," ती म्हणाली. "मी बांधाच्या पलीकडे खणली असती. मला पाणी हवं होतं. जांभळीखालचंच हवं, असं कुठे म्हटलं होतं मी?"

अंतूभाऊंची वर गेलेली काठी हळूच खाली आली. त्यानंतर मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकू मटकन पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला. एक वाक्य! ते बोलला असता तर चाळीसच्या चाळीस कलमं हिरवी असती.

गावाने पूजा त्याच्याकडेच ठेवली, कौल काढून घेतला. ते बरोबरच झालं, असं तो स्वतःच म्हणायचा. कौल लावणाऱ्या नव्या माणसाने रिठ्याने आणि राखेने मूर्तीचा खांदा आठवडाभर धुतला. तोवर झिलू आणि तुकूने आपसात बोलून बैलाचं मिटवलं होतं, आणि मुलीच्या बापाने स्वतः जाऊन स्थळ पुन्हा जुळवून आणलं होतं. नाहीतरी ते आधीही करता आलं असतं.

विहिरीची जागा मात्र कौलाला लावलीच नाही. सुरंगा आणि धाकू दोघे उतारावर उभे राहिले आणि त्यांनी बोटाने दाखवून जागा ठरवली. बांधाच्या पलीकडे, झऱ्यापासून लांब. पहिली पहार धाकूने मारली. नंतर रोज पूजा आटोपली की तो खड्ड्यात उतरायचा, अंगावर माती घेऊन वर यायचा. सुरंगा त्याला पाणी द्यायची, पण बोलायची नाही. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मागायचं धाडस त्याला झालं नाही. तोवर सतरा कलमं गेली होती. ती काही कुणाच्या माफीने हिरवी होणार नव्हती.

पाऊस चार दिवसांवर असताना विहिरीला पाणी लागलं. खाली धाकूचा झरा तसाच वाहत होता. सुरंगाने पहिली कळशी भरली, ती पायऱ्या चढून देवळात घेऊन आली. धाकू दारात उभा होता. कळशी घ्यायला त्याने हात पुढे केले. तिने ती दिली नाही.

"काका, आधी हात दाखवा."

माणसं बघत होती. पन्नास वर्षांच्या त्या माणसाने, जेवायला बसणाऱ्या पोराने आईला दाखवावेत तसे, दोन्ही तळहात तिच्यासमोर उलगडले. ती वाकली. अंगठा नीट बघितला. अंगठ्यावर पहारीने उठलेले फोड होते, दुसरं काही नव्हतं.

मग तिने कळशी त्याच्या हातात दिली.

पुढे धाकू खूप वर्षं जगला. पण मूर्तीला पाणी घालण्याआधी तो रोज आपले हात उलगडून बघायचा, आणि रोज त्याला थोडी लाज वाटायची. ती गेली असती तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.

तात्पर्य: जे माणसाला तोंडावर सांगायचं, ते देवाच्या तोंडून वदवू नये; घडीभराची लाज चुकवायला जाणाऱ्याला जन्माची लाज वागवावी लागते, आणि त्याचं मोल भलत्याच्याच कलमांना भरावं लागतं.